हाताला कोमट

टबाच्या काठावरच्या छोट्या काचेत दोन अक्षरं लुकलुकत होती. ओ आणि एच.

"परत आलं बघ," नूरबानो चाची म्हणाल्या. "काल बंद करून चालू केला तर गेलं होतं. आज सकाळी परत हजर."

शिवदास टबाशी उकिडवा बसला. बहारीनमधल्या जुफैर भागात चाचींच्या भाड्याच्या बंगल्यात मागच्या बाजूला एक खोली होती. आधीचा भाडेकरू नाविक तळावर नोकरीला होता. जाताना तो हा गरम पाण्याचा टब तिथेच सोडून गेला होता. चाचींचा मुलगा बासित तो उचलून टाकणार होता. पण डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांना कोमट पाण्याचा शेक द्या. टब राहिला. चाची रोज असरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजानंतर अर्धा तास त्यात बसू लागल्या.

"ओ एच म्हणजे पाणी फार तापलंय," शिवदास म्हणाला. "असं तो म्हणतोय."

"आणि तापलंय का?"

शिवदासने जाड झाकण बाजूला सारलं. पंजा पाण्यात बुडवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"कोमट आहे," तो म्हणाला. "सेन्सर खोटं बोलतोय."

चाचींची नात अरीबा शेजारी उभी होती. दहा वर्षांची. गुरुवार होता, तिच्या इंग्रजी शाळेला सुट्टी. तिने एक बोट पाण्यात घातलं आणि लगेच काढून फ्रॉकला पुसलं.

"इट्स हॉट, अंकल."

शिवदास हसला. "एसीत वाढलेली पोरं तुम्ही. तुम्हाला वरणसुद्धा फुंकून लागतं."

चाचीही हसल्या. त्या काठीवर टेकून उभ्या होत्या. वाकून हात घालणं त्यांच्याने होत नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही वाटली नाही. "शिवाने हात लावून सांगितलं ना," त्या नातीला म्हणाल्या. "संपलं मग."

शिवदासने टबाची बाजूची फळी उघडली. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारं एक कटआउट आत होतं. त्याच्या दोन्ही वायरी त्याने सोडवल्या आणि एकमेकींना पिळून त्यावर टेप गुंडाळली. म्हणजे त्याने ते डायरेक्ट केलं.

बहारीनमधल्या प्रत्येक मिस्त्रीला हा शब्द पाठ असतो. उन्हाळ्यात एसी सारखा बंद पडतो. सुटा भाग बोटीने यायला तीन आठवडे लागतात. घरातली माणसं घामाने भिजलेली असतात. मग मिस्त्री मधला स्विच काढून टाकतो, वायर थेट जोडतो आणि म्हणतो, डायरेक्ट केलंय, तोवर चालवा. बहुतेक वेळा काही होत नाही.

काचेवरची अक्षरं गेली. पंपाचा आवाज सुरू झाला.

"पार्ट मागवतो," शिवदास म्हणाला. "आला की बसवीन."

"आज असरनंतर बसू ना मी?"

"बसा."

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

शिवदास अठ्ठ्याहत्तर साली बहारीनला आला. आता शहाण्णव होतं. गाव वेलदूर, दाभोळच्या खाडीच्या अलीकडे. पलीकडे दाभोळ, तिथल्या नूरबानो चाची. गावी असताना दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण एका खाडीचं पाणी प्यायलेली माणसं परदेशात नात्याची होतात.

पहिली सात वर्षं त्याने हिद्दच्या गोदीत काढली. जहाजांच्या बॉयलरखोलीत. तिथे त्याचा हात प्रसिद्ध झाला. बेअरिंगवर पंजा ठेवून तो सांगायचा, हे अजून दोन दिवस चालेल, हे आज जाईल. मीटर लावणारे इंजिनियर आधी हसले. नंतर मीटर लावण्याआधी त्याला हाक मारू लागले. तळव्यांवर वाफेचे फोड उठले, फुटले, परत उठले. शेवटी तिथे नवीनच कातडी आली. जाड आणि चकचकीत.

एक्याऐंशी साली त्याला कावीळ झाली. कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत बारा माणसं. चाचींचे यजमान महमूद तेव्हा हयात होते. मनामाच्या सूकमधे, म्हणजे बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते त्याला गाडीत घालून घरी घेऊन आले. तीन आठवडे चाचींनी त्याला मऊ भात आणि मुगाचं पाणी दिलं. त्याच्यासाठी मटण न शिजवलेलं वेगळं पातेलं ठेवलं, ते त्याला न सांगता. बरा झाल्यावर तो पाया पडायला वाकला. चाची म्हणाल्या, "उठ मेल्या. चक्कर येईल."

पुढे गोदी सुटली. मनामातल्या एका दुरुस्तीच्या कंपनीत तो एसी, पंप, गीझर बघू लागला. हाताची ख्याती बरोबर आली. चाचींच्या घरातलं काहीही बिघडलं की फोन त्यालाच. चाचींना साखरेचा आजार जडला, तेव्हाही तो येऊन जाऊन असायचा. मागच्या वर्षी त्यांच्या चपलेच्या तळातून खिळा वर आला होता. दोन दिवस त्या त्याच चपलेने घरभर फिरल्या. फरशीवर रक्ताचे ठिपके शिवदासने पाहिले. पायातून खिळा त्यानेच काढला. चाची शांतपणे वर बघत होत्या. पावलांत काही जाणवतच नव्हतं.

हे सगळं त्याला माहीत होतं. आणि तरी तो बसा म्हणाला होता.

दुपारी तो हिद्दला एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधे होता. बरोबर नजीब. नजीब कंपनीची पिकअप चालवायचा. म्हसळ्याचा, तोंडाने फटकळ. काम संपलं आणि दोघे सावलीत चहाला बसले. नजीबने किटली तिरकी केली.

"धर नीट."

धार ग्लासात पडता पडता घसरली आणि शिवदासच्या अंगठ्यावरून खाली वाहिली. शिवदासने ग्लास हलवलाही नाही. तो समोरच्या समुद्राकडे बघत होता.

"भाजलं नाही?" नजीबने विचारलं.

"काय?"

"काय म्हणजे? आत्ता स्टोव्हवरून उतरवलाय. अंगठा बघ तुझा. हात आहे की सांडशी?"

शिवदासने अंगठा पाहिला. लाल झाला होता. दुखत नव्हता. ग्लास चारी बोटांनी घट्ट धरलेला होता, आणि नजीब स्वतःचा ग्लास काठाला दोन बोटांनी धरून फुंकर मारत होता.

शिवदासने ग्लास गालाला लावला. गाल झटक्याने मागे गेला.

तो उठून उभा राहिला.

"काय झालं?"

"असर किती वाजता?"

"आज? तीनला. का? तुला कधीपासून नमाज?"

शिवदासने घड्याळ पाहिलं. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात फोन होता. त्याने चाचींचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. सुट्टीच्या दिवशी अरीबा मैत्रिणींशी तासभर बोलायची. बासितच्या घरचा नंबर त्याच्याकडे नव्हता, म्हणून दुकानात लावला. रिंग वाजत राहिली. सूक एक ते चार बंद असतो, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने वीस रिंगा वाजू दिल्या. मग परत घरी. एंगेज.

"यल्ला, चल," तो नजीबला म्हणाला. "जुफैर."

हिद्दच्या किनाऱ्यावरून जुफैर दिसतं. मधे नुसतं पाणी. वेलदूरहून दाभोळ दिसतं तसंच. पण वेलदूरला खाडी ओलांडायला तर असते, माणसं नेणारी होडी. तरीत बसलं की पलीकडे. इथे तशी होडी नव्हती आणि पूलही नव्हता. गाडीला उलट्या दिशेने वर मुहर्रकपर्यंत जायचं होतं, तिथून बांधावरच्या रस्त्याने मनामा, आणि मनामाला वळसा घालून परत खाली. शिवदास खिडकीतून समोरच्या इमारतींकडे बघत होता, आणि गाडी त्यांच्यापासून लांब लांब जात होती.

"मला सांगशील तरी?" नजीब म्हणाला.

शिवदासने सांगितलं. दोन वाक्यांत.  नजीबने गाडीचा वेग वाढवला.

शिवदास मनात टब उघडत होता. सेन्सर खरं बोलत होता. म्हणजे पाणी सकाळीच तापलेलं होतं. का? नॉब तर सदतीसवर होता. सदतीस झाल्यावर हीटर बंद व्हायला हवा. हीटरला वीज देणारा कॉन्टॅक्टर, दोन धातूचे ठोकळे जोडणारा आणि सोडवणारा. ते ठोकळे वितळून एकमेकांना चिकटले असणार. मग नॉब काहीही म्हणो, हीटर बंद होणारच नाही. काल आणि आज कटआउटने वीज तोडली म्हणून पाणी थांबलं.

आज कटआउट त्याने काढून टाकलं होतं.

दहा ते तीन. पाच तास. वर जाड झाकण.

"नजीब, जरा अजून."

"अजून काय, उडवू का गाडी?"

बांधावर पाण्याचा एक टँकर बंद पडला होता. एकच लेन चालू. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. दोन बावन्न. शिवदासने दाराच्या कडीवर हात ठेवला. उतरून पळावं असं त्याला वाटलं. पळून तो कुठे पोहोचणार होता? दोन्ही बाजूंना समुद्र. पत्रा उन्हाने चमकत होता. त्याने मुद्दाम हात दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर टेकवला आणि दाबून धरला. काहीच नाही. मग कोपर टेकवलं. कोपर पोळलं.

मनामात शिरताना मशिदींतून अजान सुरू झाली. एकीतून, मग दुसरीतून.

"नमाजाला दहा मिनिटं लागतील त्यांना," नजीब म्हणाला. "म्हातारं माणूस. पंधरा."



बंगल्याचं फाटक उघडंच होतं. तो मागच्या बाजूला धावला. वीस पावलांवरून अरीबाचं रडणं ऐकू आलं.

चाची प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत लाल. शिजवलेल्या कोळंबीसारखा लाल. अरीबा रबरी नळी घेऊन त्यावर पाणी सोडत होती आणि हुंदके देत होती. टबावर वाफ होती.

"आलास?" चाची म्हणाल्या. "बघ या पोरीने काय मांडलंय. बिस्मिल्ला म्हणून एक पाय ठेवला. दुसरा उचलते तर हिने ओढलं मागे. पडलेच असते." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "मला काही दुखत नाही रे."

शिवदासने आधी भिंतीवरचा मेन स्विच पाडला. पंप थांबला. खोलीत फक्त नळीच्या पाण्याचा आवाज राहिला.

मग त्याचं लक्ष नळीकडे गेलं. नळी बागेच्या नळाला जोडलेली होती. नळ गच्चीवरच्या टाकीचा. जूनच्या दुपारी तीन वाजता.

त्याने धारेखाली हात धरला. हाताने काही सांगितलं नाही.

"अरीबा," तो म्हणाला. "हे पाणी कसं आहे?"

ती नुसती रडत होती.

"बेटा, रडू नको. बोट लाव. मला कळत नाही. तू सांग."

अरीबाने त्याच्याकडे पाहिलं. बोट धारेत घातलं. "हॉट," ती म्हणाली. "हे पण हॉट आहे."

त्याने नळी हिसकावून फेकली. "चाची, गीझर बंद आहे ना?"

"एप्रिलपासून."

बहारीनच्या घरांतली ही उन्हाळ्याची रीत. नळाचं पाणी उकळतं, म्हणून गीझर बंद ठेवायचा. त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या सावलीत निवतं. गार पाणी हवं असेल तर लाल खुणेचा नळ सोडायचा. शिवदासने स्वतः कितीतरी घरांत हे शिकवलं होतं. तो न्हाणीघरात धावला, लाल खुणेच्या नळाखाली बादली लावली. मागून अरीबा आली.

"हात घाल."

तिने घातला.

"सांग."

"थंड."

"नक्की?"

"थंड आहे, अंकल. खरंच."

बादली नजीबने उचलली. चाचींचा पाय त्यांनी त्या पाण्यात ठेवला. वीस मिनिटं. पाणी बदलताना प्रत्येक वेळी शिवदास अरीबाकडे बघत होता आणि ती हात घालून मान हलवत होती. चाची म्हणाल्या, टूथपेस्ट लावा थोडी. तो म्हणाला, काही लावायचं नाही. मग पायावर स्वच्छ ओलं फडकं ठेवून त्यांनी चाचींना पिकअपमधे बसवलं. वाटेत नजीबने बासितला त्याच्या घरून उचललं. तो दुपारच्या झोपेतून उठला होता, बटणं वरखाली लागली होती.

इस्पितळात डॉक्टर पाय बराच वेळ बघत राहिले. अजून काही सेकंद पाय आत राहिला असता तर, असं म्हणून थांबले. साखर असल्यामुळे जखम भरेल की चिघळेल, हे दोन-तीन आठवडे सांगता येणार नव्हतं. चिघळली तर बोटं काढावी लागतील. कदाचित पाऊलही.

बासित बाहेर बाकावर येऊन बसला.

"मशीनच बेकार," तो म्हणाला. "मी तेव्हाच म्हणत होतो, फेकून द्या. त्या नाविकाने कबाड आमच्या गळ्यात मारलं."

नजीबने शिवदासकडे पाहिलं. मग जमिनीकडे. गप्प राहिलं असतं तर बासितला कधीच कळलं नसतं. पिळलेली वायर टबाच्या आत होती, आणि टब उघडणारा माणूस एकच होता.

"मशीन बरोबर होतं," शिवदास म्हणाला. "सकाळपासून तेच खरं बोलत होतं."

"म्हणजे?"

"पाणी तापलंय असं ते सांगत होतं. मी हात घातला, मला कोमट लागलं. मी कटआउट डायरेक्ट केलं."



"अम्मीच्या पायाचं तुला माहीत होतं."

"हो."

"खिळा तूच काढला होतास."

"हो."

"आणि तरी तू..."

"मी बसा म्हणालो."

बासित उठला आणि पाठ करून उभा राहिला.  मग आतून नर्सने हाक मारली, पेशंट शिवाला बोलावतेय म्हणून.

चाची पलंगावर होत्या. पाय बँडेजमधे. बोलणं त्यांनी ऐकलं होतं, दार उघडंच होतं.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

शिवदासने हात पुढे केला. चाचींनी तळव्यावर अंगठ्याचं नख रोवलं.

"लागलं?"

"नाही."

त्यांनी अजून जोराने रोवलं. कातडीवर पांढरी खूण उठली.

"कधीपासून?"

त्याने आठवून पाहिलं. त्याला कळलंच नव्हतं. हात सांगत नव्हता, आणि तो मात्र हाताच्या नावाने लोकांना सांगत होता.

"माहीत नाही, चाची."

"मला शहाणपण शिकवायचास. चपला झटकून घाला, पाय बघत जा." त्यांनी त्याचा हात सोडला. "बाहेर जाऊ नकोस. डॉक्टर परत येतोय. तू पण दाखव."

त्याने दाखवला. डॉक्टरांनी टाचणी टोचली, मग बोटातून रक्त काढलं. साखर त्यालाही निघाली. बॉयलरच्या जुन्या चट्ट्यांखाली ती किती वर्षं बसली होती, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सुट्टीचा वार. शिवदासने नजीबला उठवलं. आपण कुठे कुठे डायरेक्ट केलंय, ते त्याला सगळं आठवत होतं. गुदैबियाचा गीझर. मुहर्रकच्या बेकरीचा ओव्हन. एका शाळेचा पाण्याचा कूलर. दारं वाजवून तो आत जायचा, वायर सोडवायचा आणि म्हणायचा, पार्ट येईपर्यंत बंद ठेवा. लोक वैतागले. कंपनीत तक्रारी गेल्या. मॅनेजरने बोलावून विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. शिवदास म्हणाला, डोकं आहे, हात नाही. बेकरीवाल्याने दुसरा मिस्त्री आणून परत डायरेक्ट करून घेतलं. शिवदासला कळलं तेव्हा तो परत गेला. बेकरीवाल्याने त्याला दारातच अडवलं.

रोज संध्याकाळी तो इस्पितळात जायचा. बासित असला की बाहेर बसायचा. तिसऱ्या आठवड्यात करंगळी काळी पडली. त्या दिवशी तो जेवला नाही. करंगळी काढावी लागली. बाकीचा पाय राहिला. सप्टेंबर लागता लागता नवी कातडी आली. पातळ, गुलाबी.

चाची घरी आल्यावर बासितने टब उचलायला माणसं बोलावली. चाचींनी ती परत पाठवली.

"शिवाला बोलाव."

"अम्मी."

"गुडघे माझे आहेत. बोलाव."

शिवदास आला. दाराशी उभा राहिला. बासित वाटेतून बाजूला झाला. शिवदासने फळी उघडली. पिळलेली वायर कापली. नवा कॉन्टॅक्टर बसवला, नवं कटआउट बसवलं. पाणी भरलं. मग खिशातून दोरी बांधलेला काचेचा थर्मामीटर काढला. तो पाण्यात सोडला आणि थांबला. नंतर वर काढून अरीबाच्या हातात दिला.

"वाच."

अरीबाने तो उजेडाकडे धरला. "थर्टी-सेव्हन."

"मराठीत सांग. चाचींना कळू दे."

अरीबाने ओठ हलवून मोजून पाहिलं. "तीस आणि... सात."

"सदतीस म्हण, मेले," चाची म्हणाल्या.

"सदतीस."

चाचींनी काठी भिंतीला टेकवली आणि चपला काढल्या. उजव्या पायाला चार बोटं होती. पाय टबाच्या काठावर आला आणि थांबला.

"थांबा, दादी," अरीबा म्हणाली. तिने थर्मामीटर शिवदासला परत दिला, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. शिवदासचे दोन्ही हात खिशात होते.